अनंत दरवर्षी दिवाळीनंतर पिवळा पडतो, मार्चात कळ्या गाळतो : कारण आणि इलाज

लक्षणं आधी सांगते, म्हणजे तुमचं झाड याच दुखण्याचं आहे की वेगळ्या, ते लगेच कळेल. पावसाळ्यात अनंत हिरवाकंच असतो, पानं तुपाचा हात फिरवल्यासारखी चकचकीत. दिवाळीचे आकाशकंदील उतरेपर्यंत शेंड्याची पानं फिकी व्हायला लागतात. डिसेंबर-जानेवारीत येणारी नवी पानं पिकल्या लिंबाच्या रंगाची आणि त्यांच्यावर शिरांची हिरवी जाळी. खालची जुनी पानं मात्र बऱ्यापैकी हिरवी. फेब्रुवारी-मार्चात कळ्या धरतात, मटारच्या दाण्याएवढ्या होतात, काही तर पीळ सुटायच्या बेतात येतात, आणि एका सकाळी कुंडीभोवती सांडलेल्या दिसतात. जूनमध्ये पाऊस झाला की तीन आठवड्यांत नवी पालवी पुन्हा हिरवी. मग पुन्हा दिवाळी.

माझ्या गच्चीत हे चक्र चार वर्षं चाललं. आम्ही पुण्याच्या कडेला, वाढत्या उपनगरात राहतो. झाड बुटक्या जातीचं आहे, दोन फुटांच्या वर जात नाही, पानं बारीक, १२ इंची मातीच्या कुंडीत सुखाने मावतं. मोगऱ्याच्या गजऱ्याला मूठभर फुलं लागतात, अनंताचं एक फूल आंबाड्यात खोवलं की पुरे, म्हणून हौसेने आणलेलं.

पहिल्या वर्षी दोन पानं पिशवीत घालून नर्सरीत गेले. तिथल्या दादांनी पान उलटंसुलटं करून पाहिलं, म्हणाले, "ताई, भूक लागलीय त्याला," आणि एक हिरवं टॉनिक हातात ठेवलं. मेच्या शेवटी ते दिलं, जूनअखेर झाड हिरवं. मी चार मैत्रिणींना त्या बाटलीचं नाव कळवलं. दुसऱ्या वर्षी जानेवारीतच तीच बाटली संपेपर्यंत ओतली, फरक शून्य. वाटलं, प्रमाण चुकलं असेल. मग कुणी अंड्याची टरफलं सांगितली, कुणी केळीच्या साली, कुणी ताक. तिसऱ्या वर्षी मे महिन्यात सगळी माती बदलली. जूनमध्ये हिरवं! चला, माती खराब होती तर. चौथ्या जानेवारीत त्या नव्याकोऱ्या मातीतही तेच पिवळं झाड उभं.

यात कुणीही फसेल. मेच्या शेवटी तुम्ही जे काही कराल ते लागू पडतं, कारण पाठोपाठ पाऊस येतो. औषध आभाळातून पडत होतं आणि मी पावती बाटलीच्या नावाने फाडत होते.

उलगडा झाला तो स्वयंपाकघरात. फेब्रुवारीतली दुपार, सासूबाईंनी कुकर उघडला. सहा शिट्ट्या होऊनही तुरीची डाळ दाण्यादाण्याची. भरून ठेवलेलं आरओचं पाणी संपलं म्हणून त्यांनी नळाचं घातलं होतं. "टँकर लागला वाटतं," त्या म्हणाल्या. मी विचारलं, तुम्हाला घरात बसून कसं कळलं? "अगं, जड पाण्यात डाळ गळत नाही. आमच्याकडे बोअरच्या पाण्याची हीच गत होती."

आमच्या सोसायटीत पावसाळ्यात महापालिकेचं पाणी पुरतं. दिवाळीनंतर त्यात बोअर मिसळतं, फेब्रुवारीपासून टँकर, म्हणजे तेही कुणाच्या तरी बोअरचंच. आणि मी काय करत होते? पाणी वाया जाऊ नये म्हणून आरओच्या बारक्या नळीतून जाणारं पाणी बादलीत धरून इमानेइतबारे अनंताला घालत होते. त्या यंत्रात गाळून बाजूला काढलेले सगळे क्षार याच पाण्यात असतात. आधीच जड पाणी, त्याचाही अर्क.

त्याच संध्याकाळी कुंडी पहिल्यांदा नीट पाहिली. आतल्या बाजूने, मातीच्या पातळीपासून बोटभर वर, पांढरट खरट चढलेली. इतके दिवस मला ती बुरशी वाटायची. नखाने चिमूटभर खरवडली, स्टीलच्या चमच्यात घेतली आणि लिंबाचे चार थेंब पिळले. सोड्याच्या बाटलीचं बूच उघडल्यासारखी बारीक सळसळ झाली, बुडबुडे आले आणि खरट विरघळली. सरळ चुनखडी. शेजारच्या काकांकडून टीडीएस मीटर मागून आणला, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार लिटरला किती मिलिग्रॅम ते दाखवणारा. जुलैत कधीतरी त्यांनी नळाचं पाणी मोजून ठेवलं होतं ते ९०. आता टँकरचं भरलं ७८०. आरओच्या नळीतलं ११५०.

पाणी आणि पिवळेपणाचा संबंध कसा

अनंत मूळचा दक्षिण चीन, तैवान, जपान या पट्ट्यातला. तिथे पाऊस भरपूर आणि माती आंबट. कॉफीच्याच कुळातला आहे, आणि कॉफीलाही आम्लधर्मी मातीच मानवते. (गार्डेनिया हे त्याचं शास्त्रीय नाव बागेवरून आलं असं मला कित्येक वर्षं वाटायचं. ते अलेक्झांडर गार्डन या स्कॉटिश डॉक्टर-वनस्पतीप्रेमी गृहस्थाच्या आडनावावरून १७६१ साली दिलं गेलं. इलाजाशी याचा काही संबंध नाही, पण सांगितल्यावाचून राहवलं नाही.) मातीचा सामू, म्हणजे पीएच, ५ ते ६.५ असला की अनंत खूश. देशावरची काळी माती बसाल्टपासून बनलेली, तिच्यात चुनखडीचे खडे, सामू सहज ८ च्या आसपास. बोअरचं पाणीही याच खडकातून येतं आणि विरघळलेले बायकार्बोनेट, म्हणजे सामू वर चढवणारे क्षार, घेऊन येतं. कुंडीत पाणी उडून जातं, चुना मागे राहतो. रोज एक तांब्या म्हणता म्हणता नव्या मातीचा सामू दोन-तीन महिन्यांत वर चढतो.

सामू ७ च्या वर गेला की मातीतलं लोह गंजासारखं घट्ट होऊन बसतं. लोह असतं, भरपूर असतं, लाल माती लाल दिसते ती त्याच्यामुळेच, पण मुळांना ते उचलता येत नाही. लोहाशिवाय हरितद्रव्य बनत नाही, म्हणून पान पिवळं. लोह एकदा पानात बसलं की तिथून हलत नाही, जुनी पानं आपला वाटा नव्याला देऊ शकत नाहीत, म्हणून आधी शेंडा पिवळा पडतो. ही खूण पाठ करून ठेवा, पुढे कामाला येईल.

आता दिवाळी ते मार्च का? अनंत फुलाच्या कळ्या धरतो त्या रात्री गार असताना, साधारण १६ ते १८ अंशांच्या आसपास. पुण्यात ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच. म्हणजे झाडाला सगळ्यात जास्त ताकद हवी असते नेमकं तेव्हाच त्याचा घास अडवला जातो. कळ्या धरतात, पण पोसायला हिरवं पान नाही.

आमची मावशी गुहागरला असते. तिच्या परसात अनंताचं पुरुषभर उंच झुडूप आहे, त्याला तिने आयुष्यात कधी खत विकत आणलेलं नाही. जांभ्याची माती, धो धो पाऊस आणि जांभ्यातल्या विहिरीचं मऊ पाणी. कोकणात आणि गोव्यात अनंत परसात सहज वाढताना दिसतो, आणि आपल्याकडे त्याला नाजूक म्हणतात. तो नाजूक वगैरे काही नाही, त्याला चुना चालत नाही एवढंच.

तुमच्याकडे हेच आहे का, ते कसं बघायचं

चिकाची परीक्षा सगळ्यात आधी, कारण दुहेरी तगर अनंत म्हणून गळ्यात मारल्याची उदाहरणं मी दोन पाहिली आहेत. पान तोडा. देठातून दुधासारखा पांढरा चीक आला तर ती तगर. अनंताला चीक नसतो.

मग पिवळेपणा कुठे आहे ते बघा. शेंड्याच्या पानांवर हिरवी जाळी असेल तर लोह, म्हणजे ही सगळी चर्चा तुमच्यासाठी. खालच्या जुन्या पानांत शिरांच्या मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियम कमी, त्याला एप्सम सॉल्ट चालतं. खालची पानं सबंधच्या सबंध फिकी आणि झाडाची वाढ थांबलेली असेल तर नत्र, त्याला शेणखत किंवा पेंड. आणि फेब्रुवारी-मार्चात आतल्या बाजूची पाच-सात जुनी पानं पिवळी होऊन गळली तर काहीच करू नका. सदाहरित झाड म्हणजे कधीच पान न गाळणारं झाड नव्हे, ते थोडी थोडी बदलतं इतकंच.

माती ओली असूनही झाड मलूल दिसत असेल तर मात्र पाणी थांबवा आणि कुंडीच्या बुडाचं छिद्र तपासा. पावसाळ्यात कुंडीखालची ताटली काढायची राहून गेली की मुळं कुजतात आणि कुजलेल्या मुळालाही लोह उचलता येत नाही, पानं तशीच पिवळी पडतात. मुळं काढून पाहिली तर तपकिरी, बोटाने ओढली की साल सुटून येणारी. मुळांवर मण्यांसारख्या गाठी दिसल्या तर सूत्रकृमी, त्या मातीचा मोह सोडा.

पाणी तपासायला मीटर लागतोच असं नाही. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, गीझरची कॉइल दर दोन वर्षांनी जाते, बाथरूमच्या नळाला पांढरे थर बसतात: एवढं पुरे. शेजारीपाजारी कुणाची एक्झोरा असेल तर तीही बघून या. ती अनंताच्याच कुळातली, तिलाही लोहाचं हेच दुखणं होतं. दोन्ही पिवळ्या असतील तर दोष तुमच्या हाताचा नाही.

टीडीएसबद्दल एक गोष्ट लक्षात घ्या. मीटर एकूण क्षार सांगतो, चुना किती आणि मीठ किती ते सांगत नाही. काही सोसायट्यांत आता सॉफ्टनर बसवलेले असतात. त्या पाण्याला फेस छान येतो, नळ पांढरे होत नाहीत, आणि माणूस निर्धास्त होतो. सॉफ्टनर कॅल्शियम काढून घेतो आणि त्याच्या जागी सोडियम सोडतो, बायकार्बोनेट तसेच राहतात. कुंडीतल्या झाडाला हे पाणी जड पाण्यापेक्षाही वाईट. तुमच्याकडे सॉफ्टनर असेल तर गच्चीवर त्याच्या आधीच्या लाइनचा नळ आहे का, ते प्लंबरला विचारा.

इलाज : आधी पाणी, मग लोह, मग माती

क्रम महत्त्वाचा. मी उलटा केला म्हणून चार वर्षं गेली. पाणी न बदलता लोह दिलं तर ते गोळी घेऊन ताप उतरवण्यासारखं, आणि माती बदलली तर फक्त चार महिन्यांची मुदतवाढ.

सगळ्यात चांगलं पावसाचं पाणी. गच्चीवरून खाली येणाऱ्या पाइपाला वळण देऊन २०० लिटरचा निळा ड्रम लावला आहे. पहिल्या दोन-तीन सरी सोडून द्यायच्या, गच्चीवरची धूळ आणि कबुतरांची घाण त्यात येते. तोंडाला जुन्या सुती साडीचं दुहेरी कापड घट्ट बांधून वर झाकण, नाहीतर डासांची पैदास होईल आणि सोसायटीची नोटीस येईल ती वेगळीच. २०० लिटर किती पुरतं याचा हिशेब मी घातला: १२ इंची कुंडीला थंडीत दिवसाआड लिटरभर, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी साधारण ६० लिटर. मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत रोज सव्वा लिटर, म्हणजे १३० लिटर. एका कुंडीला एक ड्रम, जेमतेम. तीन कुंड्या असतील तर ड्रमच्या भरवशावर राहू नका.

दुसरं एसीचं पाणी. ते म्हणजे हवेतली वाफ थंड होऊन पडलेलं पाणी, त्यात क्षार जवळजवळ नसतात. पिऊ नये, झाडाला बिनधास्त घालावं. फक्त पुण्याच्या कोरड्या एप्रिलमध्ये ते फार निघत नाही, आमच्याकडे रात्रभरात दोन-अडीच लिटर. मुंबईला बहिणीच्या घरी त्याच वेळात बादली भरते, पण तिला गरज नाही, तिच्या नळाला तलावाचं मऊ पाणी येतं.

तिसरं, जड पाणीच आंबट करून घेणं. किराणा दुकानात मिळणारं सायट्रिक अॅसिड, काही जण त्याला लिंबूसत्व म्हणतात. दहा लिटरच्या बादलीत चहाचा पाऊण चमचा विरघळवायचा आणि सामूच्या कागदाची पट्टी बुडवून बघायची. ६ ते ६.५ दिसला पाहिजे. प्रत्येकाच्या पाण्यातला चुना वेगळा, त्यामुळे माझा पाऊण चमचा तुमच्याकडे अर्धा किंवा सव्वाही असेल. पट्टी न लावता अंदाजाने टाकू नका. पट्ट्यांची छोटी पुडी ऑनलाइन मिळते आणि वर्षभर पुरते. यात एक उणीव आहे: चुना निष्प्रभ होतो, बाकीचे क्षार राहतातच. म्हणून महिन्यातून एकदा कुंडी धुवायची. मऊ पाणी तीन-चार लिटर सावकाश ओतायचं, खालून भरपूर वाहून जाऊ द्यायचं.

आरओच्या वाया पाण्याबद्दल माझं मत आता कडक झालं आहे, पण न्यायाने सांगायचं तर ज्यांच्या यंत्रात महापालिकेचं पाणी जातं त्यांचं वाया पाणी फारसं बिघडलेलं नसतं. बोअर-टँकरवाल्यांनी ते फरशी पुसायला वापरावं.

आता लोह. शेतीच्या दुकानात "चिलेटेड लोह" (मुळांना उचलता यावं म्हणून दुसऱ्या रसायनात धरून ठेवलेलं लोह) मागितलंत तर बहुतेक वेळा ईडीटीए (EDTA) प्रकारचं हातात येईल. सामू ६.५ च्या वर गेला की मातीत ते टिकत नाही. आपल्या मातीत टिकतं ते ईडीडीएचए (EDDHA). पाकिटावर ही अक्षरं वाचून घ्या. महाग आहे, पण कुंडीला लागतं किती? काळपट लाल भुकटी, साधारण एक ग्रॅम लिटरभर पाण्यात घातली की कोकमाच्या सरबतासारखा रंग येतो. संध्याकाळी, आधी ओल्या केलेल्या मातीत ओतायचं. पंधरा-वीस दिवसांनी एकदा, असं तीनदा. आधीच पिवळी झालेली पानं पूर्ण हिरवी होतील याची वाट पाहू नका. नवीन येणारं पान बघा, तोच निकाल. माझ्याकडे दुसऱ्या मात्रेनंतर, साधारण चौथ्या आठवड्यात, शेंड्याची पहिली दोन पानं हिरवी निघाली.

जुन्या लोकांचा उपाय हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट. स्वस्त आणि फवारणीला चांगला. लिटरला दोन ग्रॅम हिराकस, चिमूटभर सायट्रिक अॅसिड, उन्हं उतरल्यावर पानांवर बारीक फवारा. हिराकस घेताना रंग बघा: फिकट हिरवे खडे हवेत. तांबूस पिठूळ झाला असेल तर त्याचा गंज झाला, फुकटही घेऊ नका. चुनखडीच्या मातीत ओतला तर चार दिवसांत तीच गत होते, म्हणून मातीत नको, पानांवर. फरशीवर सांडला तर तांबडे डाग पडतात आणि ते निघत नाहीत. आमच्या गच्चीवर एक आहे, महाराष्ट्राच्या नकाशासारखा.

माती बदलायची ती फुलं संपल्यावर, जून-जुलैत. कळ्या असताना चुकूनही नाही. माझं मिश्रण: दोन भाग लाल माती, दोन भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग कुजलेला पालापाचोळा, एक भाग जुनं शेणखत, आणि निचऱ्यासाठी भाताचं तूस दोन मुठी. कोकोपीट दोनदा भिजवून पिळून घ्या, त्यात मीठ असतं. लाल माती म्हणून विकली जाणारी प्रत्येक माती कोकणातली नसते. घरी आणल्यावर चमचाभर मातीवर व्हिनेगर टाका, फसफसली तर परत करा. गंधकाची भुकटी कुंडीला एक चमचा मिसळली तर मातीतले जीवाणू तिचं हळूहळू आम्ल बनवतात. महिना-दोन महिने लागतात, घाई असेल तर उपयोग नाही. सिमेंटची कुंडी वापरू नका, ती स्वतःच चुना सोडते.

जे करू नये ते

अंड्याची टरफलं म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, ज्याच्याशी आपण भांडतोय तेच. चुलीची किंवा होमाची राखही अल्कधर्मी. गुलाबाला, टोमॅटोला जे भलं ते अनंताला भलं असं नाही. वापरलेली चहापत्ती आणि कॉफीचा चोथा आंबट असतो हा समज आहे. पाण्यात उकळून निघाल्यावर तो जवळपास उदासीनच राहतो. खत म्हणून घाला, पण दूध-साखर धुऊन, नाहीतर मुंग्या येतील आणि मुंग्यांच्या पाठोपाठ पिठ्या ढेकूण. ताकाबद्दल काय बोलू, आठ दिवस गच्चीवर वास होता.

तरीही कळ्या गळत असतील तर

पान हिरवं झालं की कळ्यांचा अर्धा प्रश्न मिटतो, अर्धा उरतो. गळलेली कळी फेकू नका, चिरून बघा. आतून पाकळ्या तपकिरी, खरवडल्यासारख्या असतील तर फुलकिडे. दुसरी कळी पांढऱ्या कागदावर झटका, स्वल्पविरामाएवढे बारीक किडे पळताना दिसतील. देठाच्या बेचक्यात कापसासारखं काही असेल तर पिठ्या ढेकूण. पानांवर फिक्या टाचण्या टोचल्यासारखे ठिपके आणि खाली बारीक जाळं असेल तर लाल कोळी, तो मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत येतोच. तिन्हींना सुरुवातीला पाण्याचा जोरदार फवारा आणि निंबोळी तेल, लिटरला पाच मिली, भांड्याच्या साबणाचे चार थेंब घालून, संध्याकाळी. पिठ्या ढेकूण थोडे असतील तर जुन्या टूथब्रशने घासून काढणं सगळ्यात खात्रीचं.

कळी आतून पांढरी, निरोगी, आणि तरी गळली? मग तिला धक्का बसला आहे. मातीचा एक दिवस फुफाटा आणि दुसऱ्या दिवशी चिखल. दुपारचं ऊन आणि गरम झळ. अनंताला सकाळचं चार-पाच तास ऊन हवं, बारानंतर सावली. हिरवी शेडनेट लावा किंवा मोठ्या कुंडीच्या आड ठेवा. मातीवर वाळक्या पानांचा तीन बोटं थर दिला की ओल एकसारखी राहते, हा उपाय फुकट आहे आणि सगळ्यात जास्त टाळला जातो. आणि कळ्या धरल्यावर कुंडी हलवू नका, फिरवूही नका. यंदा मार्चात सोसायटीचं रंगकाम निघालं. रंगाऱ्यांनी माझी कुंडी दोन दिवस पाण्याच्या टाकीमागे ठेवली आणि परत जागेवर आणली, अगदी जपून, फांदीसुद्धा मोडली नाही. आठवड्यात सात कळ्या खाली.

छाटणीचा मुद्दाही इथलाच. पुढच्या मोसमाच्या कळ्या या पावसाळ्यात वाढलेल्या फांद्यांवर येतात. म्हणून छाटणी जूनच्या अखेरीस, फुलं संपता संपता. ऑक्टोबरमध्ये दिवाळीची साफसफाई म्हणून झाड गोल गरगरीत कापलंत तर मार्चची फुलं कचऱ्याच्या डब्यात गेली. छाटलेल्या फांद्या टाकू नका, पेन्सिलीएवढ्या जाड काड्या पावसाळ्यात कोकोपीटमध्ये लावल्या तर निम्म्या तरी लागतात.

पाणी बदलल्यानंतरचं हे माझं दुसरं वर्ष. यंदा झाडाने ४१ कळ्या धरल्या, मी दोरे बांधून मोजल्या. २९ उमलल्या. गळलेल्या बारांपैकी सात रंगकामाच्या, तीन फुलकिड्यांच्या, आणि दोन कशाने गेल्या ते चिरून पाहूनही कळलं नाही. जानेवारीत एका फांदीचा शेंडा पुन्हा फिका दिसला होता. चौकशी केली तर मी आठवडाभर गावी असताना घरच्यांनी प्रेमाने आरओची बादली ओतली होती. आता त्या बादलीवर मार्करने "फक्त फरशी" लिहिलं आहे.

ड्रम तळाला गेला आहे. पहिली सर आली की तो रिकामा करून घासायचा, कापड बदलायचं आणि चौथ्या सरीला पाइप पुन्हा जोडायचा. शेजारच्या काकांनी त्यांच्या एक्झोरासाठी दुसरा ड्रम आणून ठेवला आहे, त्याला वळण कुठून द्यायचं यावर सध्या गच्चीत चर्चा चालू आहे.